गालिचा आधी उलटा करून पाहा

दुकानात गालिचा पसरला की नजर रंगावर जाते, हात लवीवर फिरतो आणि लगेच भावाचं बोलणं सुरू होतं. मुंबईच्या घरासाठी गालिचा घेताना हा क्रम बदलायला हवा. आधी पाठ पाहा, मग धागा, मग माप, आणि रंग सर्वांत शेवटी. इथल्या घरांत गालिचा झिजून खराब होण्याआधी बहुतेक वेळा ओलीने खराब होतो, आणि ही ओल जास्त करून खालून येते.

आपल्याकडे लादी रोज ओल्या फडक्याने पुसतात. फडकं गालिच्याच्या कडेपर्यंत आलं की थोडं पाणी कडेखाली सरकतं. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता दिवसेंदिवस ८० टक्क्यांच्या वर राहते, त्यामुळे ते पाणी वाळतच नाही. रात्रभर एसीने गार झालेल्या लादीवर सकाळी खिडकीतून दमट हवा आली की लादीला घाम फुटतो, आणि गालिच्याखालचा घाम कुणाला दिसत नाही. समुद्राजवळच्या घरांत आणखी एक भर पडते. वाऱ्याबरोबर आलेले मिठाचे कण धुळीसोबत लवीत बसतात. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्यातच विरघळतं. स्वयंपाकघरातल्या बरणीत होतं तेच. जुलैमध्ये गालिचा पायाला चिकट लागतो, लवकर मळकट दिसतो, त्यामागे बऱ्याचदा हे मीठ असतं.

म्हणून गालिचा उलटा करा. पाठीवर नक्षी जशीच्या तशी दिसत असेल, गाठी थोड्या कमी-जास्त असतील आणि टोकाची झालर ताण्याच्या, म्हणजे विणीतल्या उभ्या दोऱ्यांचीच असेल, तर तो हाताने गाठी मारून विणलेला, म्हणजे हँड-नॉटेड. उत्तर प्रदेशातलं भदोही आणि काश्मीर यांचं नाव या कामासाठी आहे. यात गोंद नसतो, पाठ श्वास घेते, धुऊन वाळवता येतो. किंमत जास्त, पण दमट हवेत सर्वांत जास्त टिकतो तो हाच.

पाठीवर जाड कापड चिकटवलेलं असेल तर तो हँड-टफ्टेड. कापडात बंदुकीसारख्या यंत्राने लोकरीचे फासे घुसवतात, ते निसटू नयेत म्हणून मागून लॅटेक्सचा, म्हणजे रबरी गोंदाचा थर देतात आणि तो थर झाकायला अस्तर लावतात. या लॅटेक्समध्ये खडूची भुकटी मिसळलेली असते. काही वर्षांत लॅटेक्स कडक होऊन भुगा होतो, आणि गालिचा उचलला की लादीवर पांढुरकी पूड दिसते. दुकानात याची परीक्षा सोपी आहे. एक कोपरा हळूच दुमडा आणि कान द्या. कर्रकर्र आवाज आला तर लॅटेक्स आधीच सुकून कडक झालेलं आहे. मग पाठीला नाक लावा. रबराचा आंबूस वास असेल तर पावसाळ्यात तो खोलीभर पसरेल. चांगला हँड-टफ्टेड गालिचाही मिळतो, पण तळमजल्यावरच्या किंवा ओल धरणाऱ्या घरात आम्ही तो सुचवणार नाही.

तिसरा प्रकार यंत्रावर विणलेला. पाठीवर सरळ, एकसारख्या रेघा असतात आणि वरची लव बहुधा पॉलिप्रॉपिलीनची. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे: ‘प्लास्टिकचा आहे, त्याला बुरशी येणार नाही.’ लव प्लास्टिकची असली तरी बाणा, म्हणजे विणीतला आडवा दोरा, पुष्कळदा तागाचा असतो. ताग पाणी पितो, फुगतो, आणि वाळताना त्यातला तपकिरी रंग पाण्याबरोबर लवीच्या टोकापर्यंत चढतो. फिकट गालिच्यावर चहा न सांडताच चहासारखे डाग पडतात ते असे. लवीत साठलेली धूळ आणि त्वचेची सालपटं बुरशीला पुरेशी होतात. पाठीवरचा आडवा दोरा खरबरीत, तपकिरी आणि गोणपाटासारखा दिसला तर तो ताग समजा.

आता धागा. ६५ टक्के आर्द्रतेला लोकर स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे १६ टक्के पाणी हवेतून धरून ठेवते. सुताचं हे प्रमाण साधारण ८, नायलॉनचं ४, पॉलिएस्टरचं अर्ध्या टक्क्याहून कमी आणि पॉलिप्रॉपिलीनचं जवळजवळ शून्य. ८ किलो लोकर असलेल्या गालिच्यात सव्वा लिटरच्या आसपास पाणी असतं, तरी तो हाताला कोरडा लागतो. पाणी धाग्याच्या आत असतं, त्यामुळे लोकर ओलावा घेते आणि हवा कोरडी झाली की सोडते. तिचा खरा शत्रू कसर हा किडा. कसरीच्या अळ्या लोकरीतलं केराटिन हे प्रथिन खातात आणि सोफ्याखालच्या अंधाऱ्या, न हललेल्या जागेत वाढतात. तीन-चार महिन्यांनी गालिचा अर्धा फेरा फिरवला आणि सोफ्याखाली व्हॅक्यूम केलं तर त्यांना थारा मिळत नाही.

धागा कोणता हे घरीही तपासता येतं. तुटलेला एखादा धागा घ्या, पाण्याच्या पेल्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका आणि त्यात धागा बोटांनी चोळून बुडबुडे काढून टाका. पॉलिप्रॉपिलीनची घनता ०.९१, पाण्याहून कमी, म्हणून तो पुन्हा वर येतो. नायलॉन, पॉलिएस्टर, लोकर बुडतात. जळताना लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि ज्योत काढली की ती विझते.

जेवणाच्या टेबलाखालचा प्रश्न हळदीचा. लोकर आणि नायलॉन हे रंग धरणारे धागे, त्यामुळे हळद त्यांना अक्षरशः रंगवते. पॉलिप्रॉपिलीनला हळद सहसा लागत नाही, मात्र भाजीतलं तेल त्याला घट्ट धरून बसतं. हळद सांडली की कोरड्या पांढऱ्या कपड्याने काठाकडून मध्याकडे टिपा, घासू नका. धुण्याचा सोडा किंवा कपड्यांचा साबण लावलात तर डाग लालसर होईल, कारण हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत रंग बदलतं, आणि लोकरीलाही अल्कली मानवत नाही. क्लोरीन ब्लीच तर लोकर विरघळवतं. थंड पाणी, लोकरीचा सौम्य साबण, आणि उरलेल्या पिवळ्या झाकेसाठी ऊन. कर्क्युमिन उजेडात फिकं पडतं.

‘बांबू सिल्क’ किंवा ‘आर्ट सिल्क’ म्हणून विकला जाणारा चमकदार गालिचा बहुधा व्हिस्कोसचा, म्हणजे लाकूड-बांबूच्या लगद्यापासून बनवलेल्या धाग्याचा असतो. ओला झाला की व्हिस्कोसची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते आणि पाण्याच्या थेंबाचाही डाग उरतो. मुंबईत तो घेऊ नये, असंच आमचं मत आहे.

घरात कुणाला दमा किंवा धुळीची ॲलर्जी असेल तर लवीचा गालिचाच टाळा. डस्ट माइट हे सूक्ष्म जीव हवेतून पाणी शोषून जगतात. आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर ते तग धरत नाहीत, पण मुंबईची हवा त्यांना पोसते. अशा घराला धुता येणारी सुती सतरंजी उत्तम.

मापासाठी वर्तमानपत्रं लादीवर अंथरा. १० बाय १४ फुटांच्या हॉलमध्ये ५ बाय ८ चा गालिचा सोफ्याचे पुढचे पाय वर घेऊन नीट बसतो. ४ बाय ६ चा तुटक दिसतो. दारं आत उघडतात, म्हणून दाराखालची फट मोजा. १२ मिलिमीटरचा गालिचा आणि त्याच्याखाली अंथरायचं ५ मिलिमीटरचं अंडरले मिळून १७ होतात, आणि फट १० ची असेल तर दार अडणारच. लव ६ ते १० मिलिमीटरची पुरे. तिची दाटी पाहायला गालिचा बोटावर उलटा वाकवा. मधून पाठ जितकी कमी दिसेल तितका तो चांगला. अंडरले जाळीचं घ्या, म्हणजे खालून हवा खेळेल, आणि चारही बाजूंनी इंचभर आत कापा. रबर किंवा पीव्हीसीचं सलग अंडरले संगमरवरावर पिवळे डाग सोडतं.

पाणी सांडून पाठीपर्यंत गेलं तर वरून पंखा लावून भागत नाही. गालिचा दोन खुर्च्यांवर टाका आणि पंखा खालून लावा. पाठ २४ ते ४८ तासांत पूर्ण वाळायला हवी, त्यानंतर बुरशी धरते. पावसाळ्यात गुंडाळून ठेवायचा असेल तर मेअखेरीस दोन्ही बाजू व्हॅक्यूम करून पाठ उन्हाला तीन-चार तास दाखवा, पूर्ण गार होऊ द्या, मग घडी न घालता गुंडाळा. घडीवर लॅटेक्स तडकतं. वरून जुनी सुती चादर बांधा. प्लास्टिकमध्ये ओल कोंडून राहते. गुंडाळी भिंतीला टेकवून उभी करू नका, पलंगाखाली दोन पाटांवर आडवी ठेवा.