पासष्ट डॉलरची एमडी : अमेरिकेतल्या डीओ डॉक्टरांच्या मान्यतेची पार्श्वभूमी

ऑक्टोबर 2020 मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांना कोविड झाला, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांच्या नावापुढची ‘डीओ’ (डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन) ही अक्षरं चर्चेत आली. ऑस्टिओपॅथी म्हणजे मुळात हाडं-स्नायूंवर हातांनी उपचार करण्याची पद्धत. हे खरे डॉक्टर का, अशी शंका काहींनी उघड बोलून दाखवली. कायद्यापुरता हा प्रश्न सत्तरच्या दशकातच मिटला होता. 1973 मध्ये मिसिसिपी या शेवटच्या राज्यानेही डीओंना औषधं आणि शस्त्रक्रियेसह पूर्ण परवाना दिला.

आपल्याकडे गोंधळ वेगळा. नात अमेरिकेत डीओ करतेय म्हटलं की एक जण हाडवैद्य समजतो, दुसऱ्याला डोळ्यांचा डिप्लोमा आठवतो, आणि तिसरा विचारतो, ‘मग एमडी कधी?’ आपली एमडी एमबीबीएसनंतरची, अमेरिकेतली एमडी ही पहिलीच वैद्यकीय पदवी. डीओ तिच्या बरोबरीची. ब्रिटनमधला ऑस्टिओपॅथ मात्र नोंदणीकृत असला तरी औषधं लिहून देणारा डॉक्टर नव्हे. एकाच शब्दाने दोन व्यवसाय ओळखले जातात, आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांना त्याची झळ आजही बसते.

1892 मध्ये मिसुरीतल्या कर्क्सव्हिल गावात पहिलं कॉलेज निघालं. त्याच्या सनदेनुसार एमडी देता आली असती. संस्थापक स्वतः एमडी म्हणवणारे, पण त्या काळच्या औषधांवरून त्यांचा विश्वास उडालेला. त्यांनी हट्टाने वेगळी पदवी दिली : डीओ.

सत्तर वर्षांनी कॅलिफोर्नियात याच्या बरोबर उलट घडलं. तिथे डीओंना परवाने देणारं स्वतंत्र मंडळ 1922 पासून होतं, स्वतःची रुग्णालयं होती. तरीही 1961 मध्ये दोन्ही बाजूंच्या राज्य संघटनांनी विलीनीकरणाचा करार केला. लॉस एंजेलिसचं डीओ कॉलेज एमडी कॉलेज झालं. 1962 च्या उन्हाळ्यात दोन हजारांहून अधिक डीओंनी पासष्ट डॉलर भरून एमडीचं प्रमाणपत्र घेतलं. नवी परीक्षा नाही, नवा अभ्यासक्रम नाही. अट एकच : यापुढे डीओ लिहायचं नाही. कॅलिफोर्नियाबाहेर या पदवीला फारशी किंमत नव्हती. तिला ‘छोटी एमडी’ म्हणून हिणवलं गेलं.

त्याच नोव्हेंबरात राज्यातल्या मतदारांनी प्रस्ताव 22 मंजूर केला. नव्या डीओंना परवाने बंद झाले, आणि उरलेल्यांची संख्या चाळीसपर्यंत घसरली की मंडळही गुंडाळायचं ठरलं. पदवी घेणाऱ्यांना मी दोष देणार नाही. एमडींच्या रुग्णालयांची दारं बंद असताना वर्षानुवर्षं प्रॅक्टिस केलेली माणसं होती ती. पण करार करणाऱ्यांनी आपल्या मागून येणाऱ्यांची वाट बंद केली, हे मला अन्यायाचंच वाटतं.

गंमत अशी की ही वाट त्याच करारामुळे पुन्हा उघडली. पासष्ट डॉलरपलीकडे काही न मागता जो माणूस एका दिवसात एमडी होतो, त्याचं शिक्षण आधी कमी होतं असं म्हणणार कसं? दुसऱ्या राज्यांत शिकून आलेल्या, परवाना नाकारलेल्या डीओंनी दावा लावला. डीओंचं शिक्षण कमी प्रतीचं आहे, असं सरकारी बाजूला म्हणताच आलं नाही. 1974 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने बंदी रद्द केली.

तोवर बाकीचे अडसरही निघत होते. दोन्ही महायुद्धांत लष्कराने डीओंना डॉक्टर म्हणून घेतलं नव्हतं. 1966 मध्ये एमडींच्या बरोबरीने घ्यायला सुरुवात झाली. एमडींच्या ज्या राष्ट्रीय संघटनेने (अमेरिकन मेडिकल असोसिएशन) त्यांना कित्येक दशकं पंथवाले म्हटलं होतं, तिने 1969 मध्ये सदस्यत्व खुलं केलं.

1977 मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या पोमोनात नवं डीओ कॉलेज स्थापन झालं. 1962 मध्ये बदललेलं जुनं कॉलेज आज अर्वाइनच्या सरकारी विद्यापीठात आहे आणि एमडी देतं. 2020 पासून देशभर रेसिडेन्सीची (पदवीनंतरच्या रुग्णालयातल्या प्रशिक्षणाची) मान्यताव्यवस्था एकच झाली असून, दोन्हीकडची मुलं त्याच जागांसाठी अर्ज भरतात.