फडक्यावरची काजळी आणि मोबाइलवरचा पीएम २.५

बेळगावात गोवावेसजवळ रस्त्याला लागून घर असेल तर खिडकीची चौकट ओल्या पांढऱ्या फडक्यानं पुसून बघा. फडक्यावर दोन रंग येतात. तांबूस रंग पाण्यात खळबळला की निघतो. ती आपली लाल माती. काळा डाग मात्र पसरतो, बोटाला तेलकट लागतो, साबणाशिवाय जात नाही. ती काजळी.

मोबाइलवर हवेचा आकडा बघून ‘आज गाड्यांचा धूर कमी आहे’ असं सर्रास म्हणतात. तो आकडा बहुतेक वेळा पीएम २.५ वरून आलेला असतो, आणि पीएम २.५ म्हणजे गाड्यांचा धूर नव्हे. अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक जे जे हवेत तरंगतं ते सगळं त्यात धरतात: बारीक धूळ, उसाचं पाचट पेटवल्याचा धूर, गंधकाच्या वायूपासून हवेतच तयार झालेले कण, शिवाय काजळीही. मोजायचं ते वजन. फिल्टर आधी तोलायचा, २४ तास त्यातून हवा ओढायची, पुन्हा तोलायचा. आपल्याकडे २४ तासांची मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे.

काजळी मोजतात ती काळेपणावरून. ॲथेलोमीटर या यंत्रात फिल्टरची पट्टी असते. हवा ओढली की पट्टीवर एक ठिपका काळवंडत जातो. त्यातून ८८० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सोडतात. तो किती अडला त्यावरून काजळीचा हिशेब लागतो. ठिपका फार गडद झाला की पट्टी आपोआप पुढे सरकते. आकडा मिनिटामिनिटाला मिळतो, त्यामुळे धूर ओकणारी एखादी बस गेली तरी आलेख उसळी घेतो. युक्ती जुनीच आहे. ब्रिटनमध्ये १९६१ पासून फिल्टर कागद किती काळा पडला त्यावरून देशभर धूर मोजत.

डिझेलच्या काजळीचा कण साधारण ०.१ मायक्रॉनचा. तो वजनाला नगण्य, म्हणून वजनाच्या आकड्यात हरवतो. पण फुप्फुसात खोलवर जातो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे गाड्यांच्या धुरासाठीचं कडक मानक आलं, डिझेल गाड्यांना काजळी अडवणारे फिल्टर बसले. त्याचा रस्त्यावर काय फरक पडला हे पीएम २.५ कडून नीट कळत नाही, काजळीकडून कळतं. तरीही २००९ च्या राष्ट्रीय मानकांतल्या १२ प्रदूषकांत काजळी नाही, हे मला फार खटकतं.

(पीयूसीचा आकडा आणखी वेगळा. तो उभ्या गाडीच्या नळीतल्या धुराचा, आपण घेतो त्या हवेचा नव्हे.)

मोजायचंच तर एक यंत्र राणी चन्नम्मा चौकात ठेवावं, दुसरं टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोतल्या झाडीत. पीएम २.५ दोन्हीकडे बरंचसं सारखं दिसेल, कारण त्यातला मोठा वाटा सगळ्या शहरावर पसरलेला असतो. काजळीच्या दोन आकड्यांची वजाबाकी केली की जे उरेल, त्यातलं बहुतेक चौकातल्या गाड्यांचं.