आधी काय घसरलं, तोंड की शेपूट?

गेल्या जुलैतली गोष्ट. आर्वीकडून गावी येताना पाऊस नव्हताच, नुसती भुरभुर. एका वळणावर कुणाचा तरी ट्रॅक्टर वावरातला गारा डांबरावर सांडून गेला होता. मी ब्रेकवर पाय ठेवला आणि गाडी गर्रकन फिरून आल्या वाटेकडे तोंड करून उभी राहिली. आठवडाभरापूर्वीच पुढे दोन नवे टायर टाकले होते!

मामेभाऊ लडाखात नोकरीला आहे. त्यानं फोनवर पहिलं हेच विचारलं, "दादा, आधी तोंड घसरलं की शेपूट?" बर्फात गाडी हाकणाऱ्यांचं निदान इथूनच सुरू होतं. स्टेअरिंग वळवूनही गाडी सरळच निघाली, तर पुढच्या टायरांची पकड सुटली. मागचा भाग बाहेर फेकला गेला, तर मागच्यांची.

माझी शेपूट घसरली होती. इंजिनाची ओढ पुढच्या चाकांना, म्हणून नवे टायर पुढे, असं दुकानात सांगितलं गेलं आणि मला ते पटलंही. पण ब्रेक दाबला की वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात. तिथेच जुने टायर असले की गाडी फिरते. पुढची घसरण अॅक्सिलरेटर सोडला की बहुधा सावरते. मागची सावरायला सवड मिळत नाही. म्हणून नवी जोडी मागेच हवी.

आपला गारा आणि मामेभावाचा बर्फ यांत नातं आहे. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याच्या कागदासारख्या पातळ थरांमध्ये पाणी शिरतं, माती फुगते आणि थरावरून थर सरकतो. बर्फाच्या पृष्ठभागावरही पाण्यासारखा एक पातळ थर असतो. शून्य अंशाच्या आसपासचा बर्फ कडाक्याच्या थंडीतल्या बर्फापेक्षा जास्त निसरडा असतो, तो यामुळेच. ताशी ५० किलोमीटर वेगानं चाललेली गाडी ब्रेक लागल्यावर कोरड्या डांबरावर साधारण १४ मीटरमध्ये थांबते. बर्फावर तिला शंभरेक मीटर लागू शकतात.

घसरण्याची इतर कारणंही तपासावीत. टायरातली हवा कमीजास्त असेल तर पाच मिनिटांत कळतं. टायर थंड असताना मोजायची. ब्रेक लावताना गाडी एकाच बाजूला ओढत असेल, तर ते काम मेकॅनिकचं.

मला चकवलं ते मागच्या टायरांच्या नक्षीनं. कायद्यानं तिची खोली किमान १.६ मिलिमीटर लागते, माझी त्याहून बरीच जास्त होती. मग टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचले: २३१६. म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. तेव्हापासूनचे सगळे उन्हाळे गाडीनं अंगणात, उघड्यावर काढलेले. रबराला नख लावून पाहिलं, तर बैलाच्या शिंगासारखं टणक.