अभ्यासपूरक आणि अभ्यासेतर: फरक विषयाचा नाही

वर्गाबाहेर जे काही चालतं त्याला विद्यापीठात सरसकट ‘ॲक्टिव्हिटी’ म्हणतात. सेमिनारमध्ये वाचलेला पेपर ही ॲक्टिव्हिटी आणि रात्री उशिरापर्यंत रंगलेली नाटकाची तालीम हीसुद्धा ॲक्टिव्हिटीच. खरं तर मराठीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत, अभ्यासपूरक आणि अभ्यासेतर. त्यांची सरमिसळ झाली की विद्यार्थ्याचं नुकसान होतं, असं मला मनापासून वाटतं.

अभ्यासपूरक उपक्रम ओळखायला सोपा. कायद्याच्या विद्यार्थ्यांचं अभिरूप न्यायालय, वनस्पतिशास्त्राची अभ्यास सहल, इंटर्नशिप. वर्गात शिकलेलं इथे वापरून बघायचं असतं. काय साधायचं ते आधीच ठरलेलं असतं, मार्गदर्शक नेमलेला असतो आणि बहुतेकदा पदवीच्या हिशोबात धरलं जाणारं क्रेडिटही मिळतं. युरोपातल्या क्रेडिट पद्धतीत एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम धरतात, म्हणजे वेळेचाही हिशोब ठेवलेला असतो.

अभ्यासेतर उपक्रमात असं काहीच ठरलेलं नसतं. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांच्यातली प्रसिद्ध नौकाशर्यत १८२९ मध्ये सुरू झाली ती दोन शाळासोबत्यांमुळे. एक या विद्यापीठात गेला, दुसरा त्या. ती कुठल्या अभ्यासक्रमाची गरज नव्हती. विद्यार्थ्यांना ती हवी होती.

विषय आपला असेल तर पूरक, दुसरा असेल तर इतर, अशी विभागणी बरेच जण करतात. मला ती पटत नाही. लिनस टोरवाल्ड्स हेलसिंकी विद्यापीठात संगणकशास्त्र शिकत होता. १९९१ मध्ये त्याने लिनक्स ही स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे संगणक चालवणारी मूळ प्रणाली, लिहायला घेतली आणि हा नुसता छंद आहे असं जाहीरही केलं. विषय त्याच्या अभ्यासाचाच, पण हे काम त्याला कुणी दिलं नव्हतं. पुढे त्याच लिनक्सवर त्याने पदव्युत्तर प्रबंध लिहिला, तेव्हा तेच काम अभ्यासक्रमात आलं. म्हणून विचारायचं ते एवढंच: हे काय करायचं, कसं करायचं आणि कधी थांबायचं, हे कोण ठरवतंय?

अभ्यासेतर गोष्टींनाही गुण द्यावेत, प्रमाणपत्रं द्यावीत, असा आग्रह हेतूने चांगला असला तरी मला त्याची धास्ती वाटते. १९७३ मध्ये मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी चित्रं काढायची आवड असलेल्या लहान मुलांवर एक प्रयोग केला. ज्यांना बक्षिसाचं आधी सांगून चित्रं काढायला लावली, ती मुलं नंतर मोकळ्या वेळात इतरांच्या निम्माच वेळ चित्रांत रमली. न सांगता बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र टिकून राहिली. ती बालवाडीच्या वयाची मुलं होती, विद्यापीठातली नव्हेत, हे खरं; पण केवळ बायोडेटासाठी पाच मंडळांत नाव घालणारा विद्यार्थी पाहिला की मला तीच मुलं आठवतात.

उच्च शिक्षणाचे अभ्यासक अलेक्झांडर ॲस्टिन यांनी १९८४ मध्ये विद्यार्थ्यांच्या सहभागाचा सिद्धांत मांडला. सहभाग म्हणजे विद्यार्थी शिक्षणाच्या अनुभवात ओततो ती शारीरिक आणि मानसिक ऊर्जा, असं ते म्हणतात. नुसतं सभासद होण्यात ती फारशी लागत नाही. नाटकाच्या प्रयोगाच्या आदल्या दिवशी नट आजारी पडतो, हॉलचं भाडं द्यायला पैसे कमी पडतात, दिग्दर्शक आणि प्रकाशयोजना करणारी एकमेकांशी बोलेनाशी होतात, तेव्हा मात्र लागते. कारण तिथे निस्तरायला कुणी सर किंवा मॅडम येणार नसतात.

परीक्षा आल्या की दोन्हींतला फरक आणखी स्पष्ट दिसतो. प्रोजेक्ट सादर करण्याची तारीख विभागाने दिलेली असते. ती पाळावीच लागते. तालमीची तारीख मंडळ एकत्र बसून पुढे ढकलू शकतं.