दंडावरची खूण आणि व्हिसाचा कागद

नवरा किंवा बायको अमेरिकेत आणि दुसरं माणूस नागपुरात, अशा घरात व्हिसाच्या मेडिकलची तारीख जवळ आली की माळ्यावरची पेटी खाली येते. शोध असतो लहानपणीच्या लसींच्या कार्डाचा. पेटीत दहावीची मार्कशीट सापडते, बारशाचे फोटो सापडतात, कार्ड सापडत नाही. धरमपेठेतल्या अशाच एका घरी आजींनी सुचवलेला उपाय मी स्वतः ऐकला आहे: "कार्ड कशाला पाहिजे? दंड दाखव नं त्यांना!"

आजींचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. आपल्याकडे लसीचा पुरावा कितीतरी पिढ्या दंडावरच असायचा. देवीची लस मुंबईत पहिल्यांदा टोचली गेली ती 14 जून 1802 रोजी, ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला. तिच्या दंडावरल्या फोडातला द्रव पुढच्या मुलांना दिला गेला. लस अशी हातोहात फिरायची. मराठीत या टोचण्याला 'देवी काढणे' म्हणू लागले आणि त्याचे वण पाहून शाळेतले मास्तरही समजून घ्यायचे. कागद लागायचा तो परदेशी जाणाऱ्याला. 1960 च्या दशकात विमानाने शिकायला गेलेल्यांना देवीच्या लसीचा आंतरराष्ट्रीय दाखला जवळ बाळगावा लागे. 1980 साली जग देवीमुक्त जाहीर झालं आणि तो दाखला इतिहासजमा झाला. दंडावर नवी खूण उरली ती क्षयाविरुद्धच्या बीसीजी लसीची.

अमेरिकेच्या बाजूने पाहिलं तर तिथे स्थलांतरिताची वैद्यकीय तपासणी 1891 च्या कायद्यापासून आहे. घातक सांसर्गिक रोग असलेल्याला दारातूनच परत पाठवायचं, हा त्यामागचा विचार. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या बंदरात एलिस आयलंडचं ठाणं उघडलं आणि डॉक्टर रांगेतल्या माणसांचे डोळे, चाल, श्वास पाहू लागले. पण हा सगळा शोध आजाराचा होता. कायमच्या वास्तव्यासाठी येणाऱ्याने ठरावीक लसींचा पुरावा दिलाच पाहिजे, ही अट कायद्यात आली थेट 1996 साली. 30 सप्टेंबरला सही झालेला तो कायदा मुख्यतः बेकायदा स्थलांतराविरुद्ध होता. लसींचं कलम त्यात एका कोपऱ्यात बसलं. गालफुगी, गोवर, रुबेला, पोलिओ, धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला, हिब (लहान मुलांना मेंदूज्वर, न्यूमोनिया करणारा जंतू), हिपॅटायटिस बी अशी नावं त्यात होती. शिवाय एक शेपूट होतं: अमेरिकेच्या लसीकरण सल्लागार समितीने शिफारस केलेल्या इतर लसीही. खरी गंमत या शेपटाने केली. ती पुढे येईलच.

नागपूरकरांची अडचण होते ती दोन देशांची वेळापत्रकं जुळत नाहीत म्हणून. आपल्या सरकारी कार्यक्रमात 1985 साली गोवराची लस आली, पण नुसती गोवराची आणि नवव्या महिन्यात. अमेरिकेला गोवर, गालफुगी, रुबेला असा त्रिगुणी एमएमआर हवा, आणि वर्ष पूर्ण झाल्यावर दिलेला. रुबेला महाराष्ट्राच्या सरकारी लसीकरणात आली नोव्हेंबर 2018 च्या मोहिमेत, पंधरा वर्षांखालच्या मुलांसाठी. गालफुगीची लस राष्ट्रीय कार्यक्रमात आजही नाही. कांजिण्यांचीही नाही. हिपॅटायटिस बीची देशभर पोहोचली ती 2011 मध्ये. म्हणजे आज तिशीतली, मनपाच्या दवाखान्यात सगळे डोस वेळेवर घेतलेली मुलगी अमेरिकी यादीपुढे अर्धवट लसवंत ठरते. तिच्याच वर्गातली, धंतोलीच्या खासगी बालरोगतज्ज्ञाकडे गेलेली मैत्रीण मात्र एमएमआर घेऊन बसलेली असते, फक्त कार्ड मिळालं पाहिजे. आईने तोंडी सांगितलेला डोस धरला जात नाही, त्यावर तारीख आणि नोंद लागते.

आणि ती बीसीजीची खूण? तिला या यादीत जागाच नाही. अमेरिकेने बीसीजी कधी सरसकट दिली नाही. क्षयासाठी पंधरा वर्षांवरच्या प्रत्येकाचा छातीचा एक्स-रे काढतात, दंडाकडे कोणी बघत नाही.

आता ते शेपूट. अमेरिकेत 2006 साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस आली आणि समितीने ती मुलींसाठी सुचवली. अमेरिकी मुलींना ती ऐच्छिक होती. पण कायद्याची भाषाच अशी की समितीची शिफारस स्थलांतरितासाठी आपोआप सक्ती व्हायची. म्हणून जुलै 2008 पासून 11 ते 26 वयाच्या मुली-बायकांना ती अनिवार्य झाली. डोस तीन, तिथे एकेकाची किंमत सुमारे 120 डॉलर. नवऱ्याकडे निघालेल्या नव्या नवऱ्या नेमक्या याच वयाच्या. शेजाऱ्याला शिंकेतून न लागणाऱ्या रोगाची लस, जी तिथल्या मुलींना सक्तीची नाही, ती येणारीवर का लादायची, हा प्रश्न महिला संघटनांनी लावून धरला. मला तो प्रश्न तेव्हाही रास्त वाटला होता. अखेर नियम बदलला. लस वयाला साजेशी हवी, आणि रोग साथ पसरवणारा किंवा अमेरिकेतून हद्दपार झालेला वा होत असलेला हवा, अशी कसोटी लागली. 14 डिसेंबर 2009 पासून एचपीव्ही यादीबाहेर गेली.

सवलतींचीही गमतीदार घडण आहे. लग्नाआधी वाग्दत्त वधूवराच्या व्हिसावर जाणाऱ्याला निघण्यापूर्वी लसींची सक्ती नाही, ती तिकडे लग्नानंतर ग्रीन कार्डाच्या वेळी येते. लग्न उरकून निघालेल्याला मात्र इथेच टोचून घ्यावं लागतं. धर्म किंवा नैतिक श्रद्धेपोटी सूट मागता येते, पण विरोध सगळ्याच लसींना हवा, आवडनिवड चालत नाही. गरोदर बाईला एमएमआर आणि कांजिण्यांची लस देत नाहीत, ती तेवढ्यापुरती बाजूला राहते. मालिका पूर्ण झालेली नसली तरी वयानुसार लागणारा एकेक डोस झालेला असला की बहुधा भागतं. कार्ड हरवलं असेल तर रक्तातली प्रतिपिंडं तपासून गोवर, कांजिण्या, हिपॅटायटिस बी यांची प्रतिकारशक्ती दाखवता येते. एमएमआर आणि कांजिण्यांची लस एकाच दिवशी घ्यावी, नाहीतर मध्ये 28 दिवस सोडावे लागतात. वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरकडे जायला विदर्भ एक्सप्रेसचं तिकीट काढण्याआधी हा हिशेब केलेला बरा.

कोविडची लस या यादीत 1 ऑक्टोबर 2021 ला शिरली. कोव्हिशील्डवाल्यांचं निभावलं. कोव्हॅक्सिनवाल्यांना मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या मान्यतेसाठी 3 नोव्हेंबरपर्यंत जीव मुठीत धरून बसावं लागलं. तरी एक गोष्ट पहिल्यांदाच घडली होती. नागपूरच्या माणसाकडे लसीचा असा दाखला होता की त्यावर तारीख, बॅच, क्यूआर कोड, हवा तर पासपोर्टचा क्रमांकसुद्धा. पेटी उघडायची गरज नाही, फोन उघडला की झालं. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने कोविडची अट काढून टाकली. बाकीच्या लसींसाठी पेटी अजून खाली काढावी लागते.