अबरदारोनचं चर्च समुद्राला इतकं खेटून का?

वेल्सच्या वायव्येला लीन नावाचं द्वीपकल्प आयरिश समुद्रात शिरलं आहे. अबरदारोन हे त्याच्या टोकाजवळचं छोटंसं गाव. इथल्या संत हवीनच्या चर्चची दफनभूमी उतारावर आहे, खाली लाटा अडवणारी भिंत आणि तिला लागूनच पुळण. इतक्या धोक्याच्या जागी चर्च बांधलंच कशाला, असं पाहणाऱ्याला वाटतंच.

गाडीरस्त्यानं येणाऱ्याला हे गाव जमिनीचं शेवटचं टोक वाटतं. पाचव्या-सहाव्या शतकात मात्र ते वाटेवरच होतं. रोमन सत्ता ब्रिटनमधून गेल्यावर वेल्स, आयर्लंड, इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाचं कॉर्नवॉल आणि आजच्या फ्रान्समधलं ब्रिटनी या केल्टिक भाषा बोलणाऱ्या मुलखांमधली ये-जा मुख्यतः समुद्रावरून चाले. साधू-धर्मोपदेशकही होड्यांनीच फिरत. परंपरा सांगते की ब्रिटनीहून आलेल्या कॅडव्हान या संतानं ५१६ च्या सुमारास समोरच्या एन्ली बेटावर, म्हणजे बार्डसीवर, मठ स्थापला. हवीन हा त्याचा सोबती.

संतांच्या या कथा बऱ्याच नंतर लिहिल्या गेल्या. भक्कम पुरावा आहे तो चर्चमधल्या दोन दगडांचा, आणि माझ्या मते इथं आल्यावर आधी तेच पाहावेत. साधारण पंधराशे वर्षांपूर्वीचे, ओबडधोबड, ओळी वाकड्यातिकड्या कोरलेले. एकावर व्हेरासियस या धर्मगुरूचं नाव आहे. दुसऱ्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय, की सेनाकस हा धर्मगुरू ‘बंधूंच्या समुदायासह’ इथं विसावला आहे. त्या एका ओळीवरून कळतं की या निर्जन वाटणाऱ्या किनाऱ्यावर तेव्हा धर्मबंधूंची मोठी वस्ती होती.

पुढं इथं वेल्श पद्धतीचा मठ नांदला आणि त्याला शरण आलेल्याला अभय देण्याचा हक्क होता. १११५ मध्ये दक्षिणेतला परागंदा राजपुत्र ग्रिफिद अप ऱ्हीस याच चर्चमध्ये लपला. उत्तर वेल्समधल्या ग्वेनेथ राज्याचा राजा ग्रिफिद अप कनन याची माणसं त्याला ओढून न्यायला आली, तेव्हा धर्मगुरूंनी त्यांना अडवलं. आजच्या इमारतीतलं कमानदार दार साधारण त्याच शतकातलं, नॉर्मन घडणीचं आहे. दुसरा दालनभाग नंतर जोडला गेला.

मध्ययुगात एन्लीच्या तीन यात्रा म्हणजे रोमची एक, असं मानलं जाई. बेटावर वीस हजार संत पुरले आहेत, अशी श्रद्धा. पंढरीच्या वाटेवर वाखरीचं जे स्थान, तेच या यात्रेत अबरदारोनचं: शेवटचा मुक्काम. यात्रेकरूंना जेवू घालणारं ‘मोठं स्वयंपाकघर’ गावात अजून उभं आहे. मधली खाडी तीनेक किलोमीटरच, पण प्रवाह असे ओढीचे की हवा निवळेपर्यंत इथं खोळंबून राहावं लागे. १५३७ मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात बेटावरचा मठ बंद झाला आणि यात्रा ओसरली.

समुद्राची वाट मागं पडली, तसा समुद्राचा धोका मोठा वाटू लागला. १८४१ मध्ये आतल्या बाजूला नवं चर्च बांधलं. लोकांचं मन तिथं रमलं नाही. शेवटी जुनंच दुरुस्त करून ते परत आले. १९६७ ते १९७८ या काळात कवी आर. एस. थॉमस इथले धर्मगुरू होते. ते कविता इंग्रजीत लिहीत, पण वेल्श त्यांनी मोठेपणी जिद्दीनं शिकून घेतली होती.

केल्टिक वारसा म्हटलं की पाहुणे दगडांवरच्या नक्षीकडं बघतात. लीनमध्ये तो दुकानात, शाळेत, बंदरावर रोज बोलला जातो. वेल्शचे जे थोडे भक्कम गड उरलेत, त्यांतला हा एक. त्याला आजचा धोका समुद्राचा नाही. किनाऱ्यावरची घरं सुट्टीपुरतं येणारे लोक विकत घेतात, किमती चढतात आणि गावातल्या तरुणांना गाव सोडावं लागतं. त्यावर उपाय म्हणून २०२३ पासून वेल्समधल्या स्थानिक परिषदांना अशा दुसऱ्या घरांच्या करावर ३०० टक्क्यांपर्यंत अधिभार लावण्याची मुभा दिली गेली आहे.