छतातला दिवा लागत नाही: सप्लाय गेलाय की अर्थ सुटलाय?

गाडीचं दार उघडलं तरी छतातला दिवा लागत नाही. बल्बची तार शाबूत आहे, फ्यूजही चांगला आहे. मीटरची लाल प्रोब दिव्याच्या होल्डरला आणि काळी बॉडीच्या उघड्या बोल्टला लावली, तर साडेबारा व्होल्ट दिसतात. करंट येतोय म्हटल्यावर बरेच जण होल्डर बदलायला घेतात. पण या मापाने फक्त सप्लायची वायर तपासली गेली. काळी प्रोब बॉडीला लावून आपण मीटरला वेगळा अर्थ (करंटची बॉडीतून बॅटरीकडे परतण्याची वाट) दिला. दिव्याचा स्वतःचा अर्थ तपासलाच नाही.

अनेक गाड्यांत, विशेषतः जुन्या गाड्यांत, छतातल्या दिव्याला सप्लाय कायम असतो. दार उघडल्यावर चौकटीतला स्विच अर्थची बाजू जोडतो आणि दिवा लागतो. म्हणून सप्लाय जाणं आणि अर्थ सुटणं यांचा परिणाम सारखाच, अंधार. खुणा मात्र वेगळ्या.

सप्लाय गेला असेल तर सहसा दिवा एकटा बंद पडत नाही. त्याच फ्यूजवर घड्याळ, रेडिओची मेमरी, डिकीचा दिवा असं काहीतरी असतं, तेही सोबत जातं. नवा फ्यूज लगेच उडाला, तर बहुधा सप्लायची वायर कुठेतरी घासून बॉडीला लागली आहे. अशा वेळी जास्त अँपिअरचा फ्यूज कधीही घालू नका. फ्यूज तापणाऱ्या वायरला वाचवण्यासाठी असतो. मोठा घातला तर आधी वायर जळेल.

अर्थ सुटल्यावर फ्यूज कधीच उडत नाही. उलट अर्थच्या बाजूची स्विचची वायर बॉडीला चिकटली, तर फ्यूज शाबूत राहतो आणि दार बंद असूनही दिवा जळत राहतो. रात्रभरात बॅटरी उतरू शकते, आणि दोष बॅटरीला दिला जातो.

दोन्ही ओळखायला एक सोपी चाचणी आहे. बल्ब जागेवर ठेवा, दार उघडं ठेवा, काळी प्रोब बॉडीच्या रंग नसलेल्या धातूला लावा आणि लाल प्रोब बल्बच्या दोन्ही टोकांना एकेक करून लावा. दोन्हीकडे शून्य आलं तर सप्लाय नाही. दोन्हीकडे बारा-साडेबारा आलं तर अर्थ नाही: बल्बमधून पलीकडे पोचलेल्या व्होल्टेजला परतीची वाट मिळत नाही. एकीकडे बारा, दुसरीकडे जवळपास शून्य, आणि तरी अंधार, तर बल्ब किंवा त्याचा संपर्क खराब. दिवा लागतो पण मंद असेल, तर अर्थच्या टोकाला दिसणारे एक-दोन व्होल्ट गंजलेल्या जोडणीचे असतात.

सप्लाय शोधताना माझा कल मीटरपेक्षा साध्या बल्बच्या टेस्ट लॅम्पकडे आहे. डिजिटल मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे गंजून जेमतेम टिकलेली वायरही त्याला पूर्ण बारा व्होल्ट दाखवते. टेस्ट लॅम्प तिथे मंदावतो. मात्र कंट्रोल मॉड्यूलच्या (गाडीतली उपकरणं चालवणाऱ्या छोट्या संगणकाच्या) वायरींना तो लावू नये, जास्त करंट ओढल्याने मॉड्यूल बिघडू शकतं.

कुठलंही साधन नसेल तर दिव्यावरचं बटण बघा. कायम चालू ठेवल्यावर दिवा लागतो, पण दाराच्या खुणेवर लागत नाही, म्हणजे सप्लाय आणि बल्ब ठीक. शोध दाराच्या स्विचकडे न्या: गंजलेली पिन, स्विच बॉडीला धरणारा सैल स्क्रू. डिकीचा दिवा असेल तर आधी बिजागरीजवळची रबरी नळी सरकवून पाहा. तिथल्या वायरी रोज वाकतात आणि वरचं आवरण शाबूत असताना आत तुटतात.

नव्या गाड्यांत स्विच बऱ्याचदा दाराच्या लॉकमध्येच असतो आणि दिवा मॉड्यूल चालवतं. दार बराच वेळ उघडं राहिलं, तर बॅटरी वाचवायला ते दिवा स्वतःच बंद करतं. म्हणून मोजण्याआधी गाडी एकदा लॉक-अनलॉक करून घ्या. छताच्या कडेला पडद्यासारखी एअरबॅग असू शकते. दिव्याची काच काढताना कडेचं अस्तर उचकटू नका आणि एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरमध्ये प्रोब घालू नका.